मार्जिन सोडून कापलेलं कपाट

व्याहीबुवा यांस,

तीर्थरूप लिहावं तर वयानं आपण माझ्याहून सात महिन्यांनी लहान निघालात (मुलांच्या लग्नाच्या वेळी कागदपत्रं बघताना हे माझ्या लक्षात आलं होतं, पण तेव्हा बोलून दाखवलं नाही). प्रिय लिहावं तर व्याह्याला प्रिय लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा मायना तुम्हीच तुमच्या मनानं घाला, माझा नमस्कार त्याला जोडा आणि पत्र वाचायला घ्या. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा आहे तिथेच आणि आहे तसाच दुखतो, हिचा खोकला गेला तो परत फिरकलेला नाही, आणि घरात शिंका मात्र फार वाढल्या आहेत, त्याचं कारण पुढे येईलच. विहीणबाईंचा रक्तदाब कसा आहे? मीठ कमी करा हे त्यांना डॉक्टरांच्या आधी मी सांगितलं होतं, याची आठवण द्यावी. तुमच्या हाताची चौकशी करायची नाही अशी मला आमच्या लेकीची, म्हणजे तुमच्या सूनबाईंची, सक्त ताकीद आहे, म्हणून मी करत नाही. तुम्ही चार महिन्यांत तुमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपचं कुलूप काढलेलं नाही, दिवसभर खिडकीशी बसून असता आणि जेवायला तिसऱ्या हाकेला उठता, हेही मला माहीत नाही असं समजून चाला. हे पत्र प्लायवूडबद्दल आहे.

फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन विहीणबाईंच्या हातात देता. पत्राला ती सोय नाही. (त्यांनी हे पत्र आधी उघडून वाचलं असेल तर त्यांनाही नमस्कार, आणि मिठाचं मनावर घ्यावं.)

तर, या महिन्याच्या सुरुवातीला तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला होतात तो दिवस आठवा. मुलांच्या नव्या घरात खिडकीच्या बाजूला जो कोनाडा आहे, सात फूट नऊ इंच उंच, पाच फूट रुंद आणि पंधरा इंच खोल, त्यात पुस्तकांचं कपाट तुम्ही करणार हे घर घेतलं त्या दिवसापासून ठरलेलं होतं. पुस्तकांची बावीस खोकी तिकडे बांधून तयार आहेत. विषय निघाला, आणि तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवलात आणि शांतपणे सांगितलंत की ते कपाट आता दुकानातून विकत आणा, माझ्याच्यानं सरळ काप जात नाही. जावईबापू टेबलाकडे बघत राहिले. आमची लेक उठून आत गेली, पाणी आणायला म्हणून गेली आणि पाणी न आणता परत आली. ती शांतता मला सोसवेना. माणसाला शांतता सोसवली नाही की तो तोंड उघडतो, आणि माझ्या तोंडून निघालं की त्यात काय एवढं, कपाट मी करतो, एक तारखेच्या आत उभं करून देतो. यावर तरी कोणी हसायला हवं होतं. कोणीच हसलं नाही, हीसुद्धा हसली नाही.

वास्तविक मला आत्मविश्वास वाटायला कारण होतं. शिंप्याच्या दुकानात चाळीस वर्षं मी कटिंग मास्तर होतो. कोट, पँट, शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे झगे, सगळं माझ्या कात्रीखालून गेलं. मी कापायचं आणि हिनं शिवायचं, अशी आमची चाळीस वर्षं वाटणी होती (लग्न त्याच दुकानात जमलं, हे तुम्हाला मी तीनदा सांगितलेलं आहे, चौथ्यांदा भेटीत सांगेन). दहा-दहा मीटरचा तागा मी एका दमात नाकासमोर कापत गेलो आहे. कापड काय नि लाकूड काय, शेवटी एक रेघ आखायची आणि तिच्यावरून जायचं, असा माझा सरळ हिशोब होता. या हिशोबात करवत धरलेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी जावईबापूंनी गाडीच्या डिकीतून तुमची हत्यारं आणून दिली. गोल पात्याचं कटर मशीन, सहा क्लॅम्प, काटकोन बघायचा गुण्या, डोळ्यांवर लावायचा चष्मा, आणि वर तुमची चिठ्ठी, "मास्तर, ही आता तुमची." व्याहीबुवा, ही चिठ्ठी मला अजिबात आवडली नाही. मी हत्यारं वापरायला मागितली होती, वारसाहक्कानं मागितली नव्हती. मला त्या दिवशी तुमचा रागही आला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी हिच्यावर ओरडलो. तिनं ऐकून घेतलं आणि चिठ्ठी उचलून मशीनच्या सूचनापत्रकात खूण म्हणून घातली. ते पत्रक मी वाचणार नाही याची तिला खात्री होती.

प्लायवूडची चार शीटं आली. दुकानदारानं सांगून ठेवलं होतं की या जातीचा माल संपत आला आहे, पुढचा माल महिनाभर तरी येत नाही, लागतील तेवढी आताच न्या. मी चार म्हणालो. दोन पुरतील असं माझं मत होतं. आठ फूट बाय चार फुटांचं शीट दुकानात उभं असतं तेव्हा मोठं वाटत नाही, घरात आलं की घर लहान वाटायला लागतं. मागच्या खोलीत न्यायचं तर मधल्या बोळात ते वळेना. आडवं केलं, उभं केलं, तिरपं केलं, पुढून ही आणि मागून मी, आणि मध्ये शीट असल्यामुळे आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. त्या दहा मिनिटांत आम्ही एकमेकांना जे बोललो ते तोंडं दिसत असती तर बोललो नसतो. शेवटी ती म्हणाली की खिडकीतून घ्या, आणि खिडकीतून ते मुकाट्यानं आत आलं. मागच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केला, दुकान बंद झालं तेव्हा घरी आणलेलं कटिंगचं टेबल मध्ये ओढलं, आणि त्याच्यावर पहिलं शीट पसरलं. टेबल ओळखीचं, उंची ओळखीची, हातात खडू. मला फार बरं वाटलं.

कापडाला सरळ रेघ काढायची तर आमच्या धंद्यात एक हुकमी युक्ती आहे. कडेचा एक धागा चिमटीत धरून हळूच ओढून काढायचा. तो निघून गेला की कापडात एक बारीक वाट पडते, तिच्यावरून कात्री चालवायची, चूक व्हायची सोयच नाही. प्लायवूडला धागा नसतो हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्या कडेला नख लावून पाहिलं हे मात्र तुमच्यापासून लपवत नाही. नखात एक कुसळ गेलं आणि पहिला दिवस सुईनं ते काढण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी खडूनं रेघ आखली आणि मशीन सुरू केलं. तुमचं ते मशीन सुरू होताना जो झटका देतं त्याबद्दल तुम्ही चिठ्ठीत एक शब्द लिहायला हवा होता. माझी पाचावर धारण बसली. रेघ माझ्या समोर होती, पहिले सहा इंच मी तिच्यावर होतो, आणि मग उडालेल्या भुशानं रेघ दिसेनाशी झाली. मी कात्री चालवताना करतो तेच केलं, म्हणजे अंदाजानं पुढे गेलो आणि जिथे चुकलं असं वाटलं तिथे हळूच वळून परत रेघेवर आलो. कात्री वळते. कापड समजून घेतं. करवत वळायला गेली की किंचाळते, आणि प्लाय जन्मभर लक्षात ठेवतं. शेजारचे दंतवैद्य आवाज ऐकून खिडकीशी आले आणि म्हणाले, आवाजावरून कीड खोल गेलेली दिसते. मशीन बंद करून भुसा फुंकला तेव्हा आठ फुटांचा काप नदीसारखा दिसत होता, दोन वळणं आणि एक छोटंसं बेट. ही दारात उभी होती. मी म्हणालो की पहिल्यांदा हात बसायला वेळ लागतो. ती म्हणाली, "हो, यातून आडव्या फळ्या निघतील." चाळीस वर्षं माझ्या चुकांमधून खिसे आणि कॉलर काढलेली बाई आहे ती. (निघाल्या. सात निघाल्या. एका बाजूनं त्या सरळ आहेत.)

मग मी विचार केला. मी विचार करतो तेव्हा घरात सगळ्यांना भीती वाटते, पण या वेळी खरोखरच चांगला विचार सुचला. करवतीला टेकून चालायला काहीतरी सरळ हवं. पडद्याच्या वरची लाकडी पट्टी, चांगली आठ फूट लांब, मी उतरवली (पडदे सध्या खुर्चीवर आहेत), शीटवर ठेवली आणि दोन्ही टोकांना तुमचे क्लॅम्प आवळले. मशीनची कड पट्टीला लावायची आणि ढकलत जायचं. दुसरं म्हणजे, कपाटाला बाजू दोन, डावी आणि उजवी. आमच्याकडे दोन बाह्या कधी वेगवेगळ्या कापत नाहीत. कापड दुहेरी घ्यायचं, चांगली बाजू चांगल्या बाजूवर, आणि एका कापात दोन्ही काढायच्या, म्हणजे लहानमोठ्या होत नाहीत. तेव्हा मी दोन शीटं एकावर एक टाकली, चांगली बाजू चांगल्या बाजूवर, आणि आखलं. सगळीकडून एक एक इंच मार्जिन सोडलं. ते मी ठरवून सोडलं नाही, हातानं आपोआप सोडलं. आत कापड ठेवलेलं असलं की गिऱ्हाईक जाड झालं तरी चिंता नाही, ही चाळीस वर्षांची सवय.

काप छान गेला. आवाज एकसारखा, वळण नाही, किंचाळी नाही. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून मी कडांवरून बोट फिरवलं. बाही तपासायची आमची हीच रीत आहे, एकावर एक ठेवा, बोट अडकलं नाही तर बरोबर. बोट कुठेही अडकलं नाही. आठ फूट, कडेला कड. माझी छाती फुगली. मी तिथल्या तिथे लेकीला फोन करून सांगितलं की बाजू झाल्या, आता उरलंय काय. ती म्हणाली, "खरंच, बाबा?" आणि हे "खरंच" ज्या आवाजात आलं त्यात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

ही आली, तिनं टेप लावला आणि विचारलं, "हे मार्जिन आत कुठे दुमडणार?"

कोनाडा सात फूट नऊ इंच, माझ्या बाजू सात फूट अकरा. फळीची रुंदी पंधरा इंच हवी ती सतरा. कपाट काही श्वास आत ओढून कोनाड्यात शिरणार नव्हतं. मी म्हणालो की त्यात काय, जास्त आहे ते कमी करता येतं, आणि परत दोन्ही एकावर एक ठेवून, तीच पडद्याची पट्टी, तेच क्लॅम्प, मार्जिन कापून टाकलं. इथे अजून एक शोध लागला, तो तुम्हाला जन्मापासून माहीत असणार. कात्री काही खात नाही. करवतीचं पातं रेघेतला घास खातं. मी रेघेच्या बरोबर मधून गेलो, दोन्हीकडून गेलो, आणि पंधरा इंचांचे पंधराला थोडे कमी झाले. पण तेवढं चालण्यासारखं होतं. बोट फिरवलं, कुठेही अडकलं नाही. मी हिला म्हणालो, बघ. ती शिवणारी बाई. कापणारा एकावर एक ठेवतो, शिवणारी शेजारी शेजारी ठेवते. तिनं दोन्ही बाजू जमिनीवर मांडल्या, एक उलटवली आणि कडेला कड लावली, शिवण घालायला घ्यावी तशी. मधोमध त्या एकमेकींना टेकल्या. दोन्ही टोकांना करंगळी जाईल एवढी फट राहिली, आणि फटीतून फरशी दिसायला लागली.

दोघींना पोट होतं. सारखंच पोट, अगदी बेतून दिल्यासारखं, म्हणून एकीवर दुसरी ठेवली की दिसत नव्हतं. पडद्याची पट्टी टोकांना आवळलेली होती, मध्ये तिला धरणारं कोणी नव्हतं, आणि मी मशीन ढकलताना ती मध्ये मुकाट्यानं वाकत होती. पहिल्या वेळी वाकली, दुसऱ्या वेळीही तेवढीच वाकली. मार्जिन गेलं, पोट राहिलं. उभ्या आयुष्यात मी पोटवाल्यांचे कोट इतके झकास कापले की त्यांचं पोट कोणाला दिसू नये, आणि सरळ कपाटाला पोट काढून ठेवलं. आता त्यात कापायला काहीच शिल्लक नाही. भिंतीला टेकवलं तर ते मध्ये टेकतं आणि वरखाली डुलतं. बावीस खोकी पुस्तकं त्यात ठेवली तर ते सगळ्यांना वाकून नमस्कार करील. लेकीला परत फोन करायचं धैर्य मला झालं नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही असं मी लिहिणार होतो, पण ही वाचेल.

तेव्हापासून मला तुमचा एक काप सारखा आठवतो. मुलांचं ठरत होतं तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो होतो, आठवतं का? तुम्ही म्हणालात, दोन मिनिटं, एवढा काप घेतो. शीटवर तुमची ती आठ फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी होती, तळहाताएवढी रुंद. तुम्ही मशीन लावलंत आणि चालायला लागलात. तुम्ही पात्याकडे बघत नव्हतात, याची मला गंमत वाटली. तुम्ही मशीनची कड पट्टीला टेकली आहे की नाही एवढंच बघत होतात, आणि पाय असे टाकत होतात की कुठे थांबलात ते कळलं नाही. आठ फूट, एक चाल. मग दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेत आणि मला म्हणालात, बघा, उजेड दिसतो का. मी वाकून पाहिलं, नव्हता दिसत. खरं सांगतो, तुमचं घर, तुमची नोकरीवाली मंडळी, काही मी बघितलं नाही. तो काप बघून मी घरी येऊन हिला सांगितलं की माणूस चांगला आहे, आपली पोर तिथे सुखात राहील. राहिली आहे.

असो. एकंदरीत काम उत्तम चाललं आहे. पुस्तकांना आडव्या फळ्या सात तयार आहेत, पोटवाल्या दोन बाजूंमधून आणखी काही निघतील, त्या दोन शीटांचं उरलेलं कपाटाच्या पाठीला जाईल, म्हणजे वाया काही गेलेलं नाही. आता शेवटचं एक शीट उरलं आहे. त्यातून दोन बाजू आणि मधली उभी फळी, तिन्ही निघायला हव्यात. पंधरा-पंधराच्या तीन, वर पात्याचा घास, चुकायला जागा अडीच-पावणेतीन इंच. माल महिनाभर मिळणार नाही. एक तारखेला नऊ दिवस आहेत. तरी काळजीचं कारण नाही. भुसा उशीच्या अभ्र्यात, चष्म्याच्या डबीत आणि चहात सापडतो, त्याची आता सवय झाली. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, आणि आमच्या लेकीला यातलं काही कळू देऊ नये.

आपला,
कटिंग मास्तर

ता. क. लिहायचं राहिलंच. तुमची ती ॲल्युमिनियमची पट्टी गाडीच्या डिकीत मावली नाही म्हणून तिकडेच राहिली, असं जावईबापू म्हणाले. मग पाठवतो म्हणालात आणि पाठवली नाहीत. ती मिळाली तर बरं होईल. इकडे असली पट्टी मिळत नाही, मी तीन दुकानांत विचारलं. मात्र ती टेम्पोनं किंवा पार्सलनं पाठवू नये. आठ फुटांची वस्तू, कोणी वर काही ठेवलं, कुठे टेकवली, की वाकते, आणि एकदा वाकली की संपलीच. ज्याला तिची किंमत माहीत आहे अशा माणसानंच ती हातात धरून आणायला हवी. जावईबापूंना ते जमेल असं मला वाटत नाही. तो मुलगा गुणी आहे पण वस्तू आपटतो.

ता. क. दुसरा. वरचं वाचून तुम्ही म्हणाल की मास्तर, मी येऊन काय करू, माझा हात हलतो. तुमचा हात मला नको आहे. हात माझ्याकडे दोन आहेत आणि त्यांना काही कळत नाही एवढीच त्यांची अडचण आहे. तुम्ही शीटच्या पलीकडच्या टोकाला स्टुलावर बसायचं आणि मला सांगायचं, थांबा, टेकलं नाही, आता चला. तुमच्या डोळ्याला कंप सुटला आहे असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही. आणि माझं ऐकाल तर, तुम्ही त्या खिडकीशी बसलेले मला बरे वाटत नाही. माझं दुकान बंद झालं तेव्हा मीही सहा महिने असाच बसलो होतो, तेव्हा तुम्ही दर रविवारी येत होतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारून जात होतात. तुम्ही का येता ते मला कळत होतं. मी कधी बोललो नाही. आता बोललो. याचं उत्तर फोनवर "बघू" असं देऊ नये.

ता. क. तिसरा, दुसऱ्या हाताचा. भाऊ, मी लिहिते आहे. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणजे वाचायलाच दिलं. यांनी लिहिलं आहे त्यातलं बहुतेक खरं आहे. त्या दिवशी जेवताना मी हसले नाही हे खरं नाही, मी आत जाऊन हसले. जेवले नाहीत हेही खोटंच झालं असतं, ते यांनी लिहिता लिहिता टाळलं ते बरं झालं. पट्टी इथे मिळत नाही असं लिहिलं आहे. मिळते. कोपऱ्यावरच्या पहिल्याच दुकानात मिळाली, मी बरोबर होते, एक टोक माझ्या खांद्यावर होतं. तिला आठ दिवस होऊन गेले. रोज सकाळी हे ती शीटवर मांडतात, क्लॅम्प लावतात, चष्मा घालतात, मशीन हातात घेतात, आणि मग सगळं सोडवून ठेवून देतात. मी विचारलं तर म्हणतात, एकदा व्याह्यांनी बघितलं की कापतो. हे शेवटचं शीट आहे आणि यांना खरोखरच भीती वाटते, हे काही तुम्हाला बोलावण्यासाठी केलेलं सोंग नाही. निम्मं असेल. विहीणबाईंना दोन दिवसांचे तुमचे कपडे भरायला सांगा. तुमची पट्टी आणली नाहीत तरी चालेल.